दहापैकी नऊ गुण

रेवदंड्याच्या बसथांब्यावर आम्ही चार जण होतो. शेजारच्या दोघांच्या मध्ये नेटवर्क डिरेक्टरी, म्हणजे संगणकांवरच्या सगळ्यांच्या लॉगिनची यादी, सांभाळण्यावरची तीन जाड पुस्तकं होती.

"धनेशदादा, कॉलेजसाठी हे पुस्तक तूच निवडलंस ना? शिफारशीत दहापैकी नऊ गुण दिलेस."

"हां."

"यात बघून मी कमांड दिली. साडेसहाशे मुलांची लॉगिन उडाली."

"ते जुन्या व्हर्जनचं हाय, अमिषा."

"मग तसं लिहायचं ना! वाचलंस की नुसतं वजन केलंस?"

"मागचं कव्हर वाचलं. तेवढंच."

"आणि नोकरी माझी जातेय."

"अलिबाग यायच्या आत प्राचार्यांना फोन करून खरं सांगतो. शप्पथ."

बस एक्केचाळीस मिनिटांत अलिबागला पोहोचली. त्याने फोन तीनदा खिशातून काढला. लावला एकदाही नाही.