तामलवाडीत पहिला मान कुणाचा?

…आणि वर गावकरी मलाच विचारतात, 'बाई, तुमच्या संडासाला हलगी लावायची का सनई?' संडासाला! तुम्हाला सांगते, अतिशयोक्ती करायची मला सवय नाही. विद्यापीठात शिकलेली बाई मी, पुराव्याशिवाय तोंड उघडत नाही. पण सार्वजनिक आरोग्याचा अभ्यासक्रम आखणाऱ्यांपैकी एकानं जरी तामलवाडीत आठवडा काढला असता ना, तर पदव्युत्तर वर्गाला 'वाजंत्री' हा विषय सक्तीचा झाला असता!

त्याचं असं, की शेवटच्या सत्रात तीन महिने खेड्यात राहून काम करायचं, त्याला म्हणायचं 'क्षेत्रकार्य', आणि माझ्या वाट्याला आलं तुळजापूर तालुक्यातलं हे गाव आणि एक नमुना संडास. नुसता बांधून भागणार नव्हतं हं! गावानं तो वापरायला हवा, आमचे प्राध्यापक राघवेंद्रराव जातीनं येऊन तपासणार, आणि वापर नसला तर… परत तीन महिने! परत घरमालकिणीचा सोपा, परत तिची शेळी माझ्या उशाशी!

बांधला. खड्डा नियमाप्रमाणे विहिरीपासून लांब, चुन्याची सफेदी अशी की डोळे दिपावेत… आणि तिथंच घात झाला! इतकी देखणी वस्तू वापरणार कोण? रोज पहाटे अख्खं गाव टमरेलं घेऊन त्याच्यासमोरून पुढं ओढ्याकडं, आणि जाता जाता त्याला नमस्कार! हो, नमस्कार. अतिशयोक्ती करायची मला सवय नाही.

विठाबाई म्हणजे माझी घरमालकीण. तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही तरी जा." तर म्हणते, "अगं बया! पाटलाच्या आदी म्या जाऊ? इज्जत ऱ्हाईल का माजी?" बरं, गेले आण्णासाहेब पाटलांकडं. ते मिशीला पीळ देत, "बाई, आमच्या गावात नव्या वस्तूचा पहिला मान पाव्हण्याचा. नवी गाडी आसू दे, नवी बाज आसू दे… पाव्हणा बसला की मंग गाव." आता परीक्षेपुढं लाज कसली धरायची! मी म्हटलं, "मग मी पाहुणीच आहे, मी जाते!" तर गडगडून हसले. "तुम्ही व्हय पाव्हण्या? इठाबाईनं वटी भरली तवाच गावची लेक झाला तुम्ही. लेक कंदी पाव्हणी आसती का?"

इतके दिवस मी त्यांना जंतू शिकवत होते, आणि त्यांनी एका नारळात माझं नातंच बदलून टाकलं!

उगवला तपासणीचा दिवस. राघवेंद्रराव धुळीनं माखून एस्टीतून उतरतात तो समोर गाव, संडासाला आंब्याचं तोरण, दारावर कुंकवाची बोटं, आणि आण्णासाहेबांच्या हातात लखलखीत पितळी तांब्या. "या सायेब, पहिला मान तुमचा!" सरांना वाटलं, पाय धुवायला. धुतले की हो त्यांनी! तांब्या पुन्हा भरला, पुन्हा पुढं आला, दार उघडलं गेलं… तेव्हा कळलं. सरांनी माझ्याकडं बघितलं, मी आभाळाकडं बघितलं. हलगी कडाडली! सर आत गेले आणि हलगी थांबली, कारण गावाला ऐकायचं होतं. आत शांतता… बाहेर शांतता… मग आण्णासाहेब, अगदी मायेनं, "घाई न्हाय सायेब, लई सावकाश चालू द्या!" सर बाहेर पडले आणि उंबऱ्यावर नारळ फुटला. अतिशयोक्ती करायची मला सवय नाही; खोबऱ्याचा तुकडा मी स्वतः खाल्लाय.

पण प्राध्यापक तो प्राध्यापक! रुमालानं घाम टिपत म्हणतात कसे, "परीक्षकाचा वापर हा गावाचा वापर धरता येत नाही. गावातलं कुणीतरी हवं, त्याशिवाय सही नाही." आता कुणाला ढकलू आत? पाटलांना? पाटलीणबाईंना? म्हणून नजर फिरवते, तर अख्खं गाव माझ्याकडंच बघतंय! आण्णासाहेबांनी तांब्या वळवला.

"दुसरा मान लेकीचा!"

"बाई," सर तोच शास्त्रीय आवाज लावून, "तुम्हाला गावच्या धरता येईल का?"

मी काही बोलणार, तेवढ्यात मागून विठाबाई खणखणीत, "न धराया काय झालं? वटी म्या भरलीया तिची!"

आता काय सांगू तुम्हाला… गेले. सही मिळाली, शेळी सुटली. अतिशयोक्ती करायची मला सवय नाही. पण माझ्या वेळी हलगी थांबली नाही, एवढे उपकार मात्र गावानं लेकीवर केले.