मेंढी बसंल ते घर

...आन उदबत्ती कशाला मंग? तुम्हीच सांगा! रिकामं घर, देव न्हाई, देव्हारा न्हाई, अन् हा एजंट राधेश्याम कोपऱ्या-कोपऱ्यात उदबत्त्या लावून आम्हाला घर दाखवून राह्यला! "या मल्हारीमामा, या, कसं परसन्न वाटतंय बघा!" परसन्न कशाचं, डोंबलाचं! ओलीचा वास दाबून राह्यला गडी! तुम्हाला सांगतो, जिथं उदबत्ती तिथं ओल, जिथं एकाच भिंतीला नवा रंग तिथं चीर, अन् गल्लीतल्या समद्या गच्च्यांवर निळे ड्रम दिसले का समजायचं, नळ नुसता दाखवायला हाय! हे मला कुणी शिकवलं न्हाई. उभा जल्म मेंढरामागं गेला, रोज नवी जागा... मुक्काम टाकायच्या आधी बघावंच लागतंय, ओल हाय का, वारं कुठून येतंय, इच्चूकाटा हाय का.

अन् खरी पारख कुणाला? मेंढीला! ओल्या जागंवर मेंढी बसत न्हाई, मेली तरी न्हाई! म्हणून मी घर बघायला मेंढी संगं न्यायचो. हसा, हसा! नव्या जालन्यात एका ऑटोत मी, मेंढी अन् माझी लेक वर्षाराणी! लेक तिथंच बियाण्याच्या कंपनीत कामाला. तिचं एकच टुमणं, "आबा, गावात एकटे नका राहू, आपण घर घेऊ, संगं राहू." म्हणलं, घे बाई, पर ज्या घरात मेंढी बसंल त्याच घरात मी येईन. न्हाईतर मी आपला गावातच बरा.

पयलं घर स्टेशनाकडलं. मेंढी या खोलीत गेली, त्या खोलीत गेली, दाराशी येऊन बॅंऽ बॅंऽ... मेंढी काय बसंना! दुसरं घर, भिंती ठणठणीत, फरशी आरशावाणी, टाकी भरलेली... म्हणलं आता बसंल, पर मेंढी काय बसंना! राधेश्यामनं हात जोडले, "मामा, कर्ज बँक देती का मेंढी देती? जरा घराकडं बी बघा!" तिसऱ्या घरी त्यानं जाताच घास टाकला पुढं! बिलकुल काडी ठिवली न्हाई तिनं, समदा खाल्ला... उभ्यानं! मेंढी काय बसंना!

ऑटोत वर्षाराणी हळूच म्हणली, "आबा, खरं सांगा. घराला खोट हाय, का तुम्हाला यायचंच न्हाई?"

आता काय सांगावं लेकराला? ही मेंढी वर्षाराणीच्या मायनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. माय गेली दिवाळीच्या तोंडावर. एकट्याच्यानं होईना, कळप इकला, ही तेवढी ठिवली. अन् बाईचा हट्ट तरी केवढा व्हता? "मला आतून कडी लागणारं घर पायजे. एकदा कडी लावून निवांत निजंन." उभा जल्म ताडपत्रीखाली काढला हो तिनं! मी म्हणायचो, घिऊ की... घिऊ की, घिऊ की म्हणता म्हणता गेली. अन् आता मी घरं बघून राह्यलो! दारात गेलो का पयली नजर कडीवर जाती. चांगली असती कडी, बराबर लागती. अन् माझा जीव असा तुटतो म्हणता... मंग म्हणतो, ओल हाय, चला!

मेंढीचं बी तेच! मला ठावं न्हाई का, एकटी मेंढी राजवाड्यात नेली तरी बसत न्हाई! तिला आपलं कुणीतरी बसलेलं दिसावं लागतं. तुम्हाला सांगतो, एका बी घरात खोट नव्हती, त्या उदबत्तीवाल्या घरात बी न्हाई.

परवा आखरीचं घर बघायला गेल्तो. काय घर! गिलावा पडलेला, नळ कोरडा, भिंतीला हात लावावा तर हाताला पाणी. राधेश्यामच लाजला, "मामा, हे तर मी दाखवणारच नव्हतो, रस्त्यात लागलं म्हणून..." वर्षाराणी आत गेली, अन् कोपऱ्यात मटकन खाली बसली. अन् रडायलीच की! "माय काय तुमची एकट्याचीच गेली का आबा? माझी न्हाई गेली?"

आयला... ह्ये मला कधी सुचलंच न्हाई. तिच्याजवळ बसलो, तिचं डोस्कं खांद्यावर घेतलं अन् मी बी रडलो, मोठ्यानं, लाजबिज सोडून. मायच्या मातीला बी असे संगं रडलो नव्हतो आम्ही. अन् बघतो तर काय... मेंढी आली, आमच्याभवती एक घिरटी मारली, पुढले गुडघे मोडले, अन् आम्हाला खेटून बसली!

राधेश्याम दारातून वरडला, "बसली! मामा, बसली! बधाई हो!"

अरे कशाची बधाई! छत गळतंय, भिंत भिजलीय... पर बसली ना! घेतलं मंग. काय करता? राधेश्याम म्हणतो, आम्ही बसल्तो तेवढा कोपरा पावसात गळत न्हाई. मंग झालं तर... लागला पाऊस का बसू तिघं तिथंच.