हाडवैद्याची चेष्टा

अहो, बंगाली हाडवैद्याने आमच्या अण्णांची चेष्टा केली, ते सांगितलंच नाही ना? स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. अण्णा कलकत्त्यात मुरलेले, आई नवीन. खिदिरपूरच्या गोदीत अण्णा पडले, उजवं मनगट सुजलं. आईने त्यांना गल्लीतल्या हाडवैद्याकडे नेलं. त्याने हात चाचपला आणि म्हणाला, "आमि चेष्टा कोरबो ना," आणि पुढे बंगालीत आणखी बरंच काही बोलला.

आई भडकली. "माणूस कळवळतोय आणि याला चेष्टा सुचतेय!"

अण्णा म्हणाले, "अगं, बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. हाड मोडलंय, मी हात लावणार नाही, नाक्यावरच्या सर्जनकडे जा म्हणतोय."

तो सर्जन तर या हाडवैद्याला गावभर भोंदू म्हणायचा!

सर्जनने प्लॅस्टर घातलं. ते निघालं, पण बोटं वळेनात. तेव्हा त्यानेच हाडवैद्याला चिठ्ठी लिहिली, "आता आपण चेष्टा करावी."

आई म्हणाली, "करू दे बाई, पोटभर करू दे!"