कडक खळीचं जाकीट

आम्ही चामोर्शीचे, ताई. बाजाराच्या रस्त्यावर अब्बाचं इस्त्रीचं दुकान होतं, दुकान म्हणजे चार बल्ल्या आन् वर टिन, आन् आत कोळशाची जड इस्त्री. तहसीलचे साहेब, शाळेचे मास्तर, निवडणूक आली का पुढारी, सगळ्याईचे पांढरे कपडे अब्बाकडंच येत. धानाचा मुलूख आमचा, भात रोजचाच, त्याची पेज गाळून अब्बा अशी खळ देत का कुर्ता खुटीवरून काढला तरी उभाच राहे. लोक म्हणत, शेखभाऊ, तुमचा कुर्ता घातला का माणूस वाकतच नाई. मी आठवी झाली आन् अम्मीले दम्यानं धरलं, मंग शाळा सुटली ते सुटलीच, मी इस्त्रीवर उभी राह्यली. जबरदस्ती कोणी केली नाई हो, तसं लिहू नका. घरात दुसरं होतं कोण.

आता इस्त्रीवाल्याची पोट्टी ज्यूडोत कशी गेली, तं आमच्या गावात मडावी सर होते. बंद पडलेल्या राइस मिलच्या गोदामात बारदान्यात धानाचं तणस भरून, वर ताडपत्री ताणून ते पोट्ट्यापोट्टीले शिकवत. मी त्याईचे कपडे द्यायले जाऊ आन् दारातच उभी राहू. एकडाव एक पोट्टी कमी पडली, सर म्हणाले, ये वं, पकड हिची कॉलर. मी पकडली तं तिले सुटताच येईना. सर म्हणाले, हात कशाचे हायेत तुये? मी म्हटलं, इस्त्रीचे. सर हासले नाई. उद्या सकाळी येजो, येवढंच म्हणाले.

आधी पडायलेच शिकवलं. पडली, पडली, पडतच राह्यली. मोहल्ल्यातली फूफी अब्बाले म्हणे, काऊन रे, पोट्टीले कुस्ती शिकवून राह्यला, उद्या नवऱ्याले आपटन ना ते. अब्बा म्हणे, मंग हलका नवरा पाहू. असे होते अब्बा. मले मात्र भेव वाटे, लोक बोलतील त्याचं, अम्मीच्या दम्याचं, सगळ्याचंच. अजूनही वाटते.

खरी गोष्ट आता सांगतो. शाळेत नाव नव्हतं म्हणून शाळेच्या स्पर्धा मले बंद. सरांनी एक दिवस बसवून सांगतलं, तुयासाठी एकच दार हाय, राज्याची खुली स्पर्धा. आपल्या वजनात जे पयली येईल तिले पुण्याच्या खेळाच्या वसतिगृहात जागा, खाणंपिणं, राहणं, शिकणं सगळं तिथी. एका वजनाले एकच जागा. आन् पुढच्या साली तुयं वय निघून जाते. म्हणजे यंदा नाई तं कधीच नाई, समजलं का? समजलं म्हटलं, आन् घरी येऊन इस्त्रीखाली एका साहेबाचा शर्ट जाळला.

स्पर्धा अमरावतीले होती. सर बाकीच्या पोट्ट्यापोट्टीले घेऊन आधी गेले, जाताना मले ज्यूडोचं नवीन जाकीट देऊन गेले, जुनं पार विरलं होतं. ते नवीन जाकीट अब्बानं हातात घेतलं आन् म्हणाले, येवढ्या मोठ्या जागी चालली, हे चुरगळलेलं घालशीन? धुतलं, खळ दिली, पुढाऱ्याले देत नाई अशी दिली. घडी मोडू नये म्हणून चामोर्शीवरून गडचिरोली, तिथून नागपूर, तिथून अमरावती, अब्बा एसटीत हँगर हातात धरून बसले. कंडक्टर म्हणे, चाचा, नवरदेव मागच्या गाडीनं येऊन राह्यला का? अब्बा म्हणे, नवरदेव नाई, माई पोट्टी हाय. मले म्हणाले, हे फायनललेच घालजो. खळीनं काय होते, मलेही सुचलं नाई, आम्ही त् जन्मभर कडक कपडा म्हणजेच चांगला कपडा समजत आलो.

सेमीफायनल कोल्हापूरकडच्या सुरेखाशी झाली. लय दणकट पोट्टी. मी जिंकली पण माह्या जुन्या जाकिटाची बाजू काखेपासून कमरेपर्यंत फाटली. मंग फायनलले नवीन घातलं. चालली तं कडकड वाजे. समोर मुंबईची पोट्टी. तिनं कॉलर पकडायले हात घातला, पकड बसेना, पुन्हा घातला, बसेना. तिनं पंचाकडं पाह्यलं. पंच आले, त्याईनं चिमटीत कापड धरून पाह्यलं, म्हणाले, हे काय, पत्र्याचं शिवलंय का? सगळा हॉल हासला. तं वरून, पायऱ्याईवरून, अब्बाचा आवाज आला, साहेब, अशी खळ तुमाले नागपुरातही नाई भेटणार! त्याईले वाटलं तारीफच चालू हाय. मंग त् विचारूच नका, लोक बाकावर पडून हासले.

पंच म्हणाले, समोरच्याला पकडता आलं पाहिजे, असा नियम आहे. बदला, नाहीतर बाद. आन् घड्याळ लावलं.

सर धावले. आमच्या जिल्ह्याच्या पोट्टी एक त् माह्याहून जाड, एक त् अगदी काडी, त्याईच्या जाकिटाची बाही मले जमेना. दुसऱ्या जिल्ह्याचे कोण देतात, त्याईच्याही पोट्टी जागेसाठीच आल्या होत्या. अब्बा खाली आले. मी टी-शर्टवर उभी, आन् ते जमिनीवर बसून दोन्ही हातानं जाकीट चोळून राह्यले, खळ मोडावी म्हणून, मुठीत घेत, गुडघ्यावर घासत. मले म्हणे, बेटा, मी काही खराब थोडीच केलं? माणूस जे सगळ्यात चांगलं करते त्यानंच त्याच्या लेकराचं दार बंद झालं, तं त्याले काय सांगावं, तुम्हीच सांगा ताई.

तेवढ्यात सुरेखा आली. कोपराले बर्फ लावून बसली होती, मीच तं दुखवला होता. जाकीट काढलं आन् माह्या अंगावर फेकलं. म्हणाली, घाल गं. घाम हाय त्यात, वास आला तरी गप ऱ्हा. आणि जिंकून ये, तू हारलीस तर लोक म्हणतील सुरेखा कुणाकडनं हारली बघा.

ते ओलं, नरम जाकीट. मुंबईवालीले आता पकड लगेच भेटली, तिनं मले उचलली आन् कुशीवर आदळली. अर्धा गुण तिले गेला. ती पुन्हा घुसली, घाईनं घुसली, आन् आम्ही दोघीही खाली पडलो, मी वर आली. तिची मान आन् हात काखेत घेतला आन् सगळं वजन तिच्या छातीवर दिलं. पाठ टेकवून घंटीपर्यंत असं दाबून धरलं का ज्यूडोत पूर्ण गुण, सामना तिथीच जिंकला. ती पाय झाडे, वळे, माह्या कानात ओरडे. सोडलं नाई. घंटी झाली तरी सोडलं नाई, पंचानं पाठीवर थापटलं तेव्हा समजलं.

जागा भेटली. पण परस्पर पुण्याले जाऊन हजर व्हायचं होतं. स्टँडवर अब्बा एकटेच नागपूरच्या गाडीत चढले. खिडकीतून म्हणाले, आतापर्यंत जिंक म्हणत होतो. आता सांगतो, हरली तरी घरी येजो. गाडी निघून गेली.

मंग झालं सगळं, ताई. राष्ट्रीयचं सोनं झालं, पुन्हा झालं, एकडाव विमानातही बसली. दहावी मात्र झाली नाई, म्हणून पक्की नोकरी नाई, इथीच पुण्यात लहान पोट्टीले शिकवतो आन् आपलंही खेळतो. ज्याईनं ज्याईनं हात दिला त्याईचं नाव घेतल्याबिगर मी झोपत नाई, सुरेखाचंही घेतो. परवा निवड चाचणी हाय. गुडघा सुजला हाय, समोरच्या पोट्टी अठरा-अठरा वर्षाच्या, माह्याच हाताखाली शिकलेल्या. अब्बाले फोन केला होता, गुडघ्याचं सांगतलं नाई. त्याईनं विचारलं, घरी कधी येतं? मी म्हटलं, येतो, अब्बा. त्याईले वाटलं ईदले म्हणते. मले स्वतःलेही मालूम नाई, मी ईदचं म्हटलं का हरून कायमचं घरी येण्याचं. तुम्ही दुआ करजा.