वीतभर नळी

...आणि वर तो दुकानदार मला विचारतो, "आतला डायमीटर किती?" आता तुम्हीच सांगा, मी पडदे शिवणारा माणूस. खिडकी लांबून बघून किती कापड लागेल ते सांगेन, चुण्या किती पडतील ते सांगेन, पण नळीच्या आतला डायमीटर? नळीच्या आत मी आयुष्यात कधी डोकावलोय? मी म्हटलं, अहो, वीतभर नळी हवीय. तर तो चष्मा कपाळावर सरकवतो आणि डॉक्टर जसे आधी सगळी हकीकत विचारतात ना, तसा हळू आवाजात म्हणतो, "भिंत जाड हवी की पातळ?" नळीची भिंत! घराला भिंत असते, नळीला असते हे मला त्या दिवशी कळलं. वीतभर नळी हो, तुम्हाला सांगतो, एवढ्याशा नळीने माणसाचा जीव नकोसा करावा?

आता तुम्ही म्हणाल, नळी कसली. तर ती माझ्या थोरल्या भावाची, दादाची, रिमोटवरची गाडी. बॅटरीची नव्हे बरं का, बॅटरीची असती तर मी इथे तुमच्यासमोर रडत बसलो असतो का? हिला खरं इंजिन. अक्रोडाएवढं. त्याला नायट्रो नावाचं इंधन लागतं, टाकीत ओतायचं, दोरी ओढायची, आणि मग ती हातभर लांबीची गाडी अशी बोंबलत सुटते की वरच्या मजल्यावरच्या बाई खिडकी आपटून लावतात. टाकीतून इंजिनात इंधन जायला एक नळी. वीतभर. बस, एवढाच सगळा मामला.

दादा फर्निचरच्या कारखान्यात स्प्रे मारायचा. कपाटांना, टेबलांना, जन्मभर. तोंडाला रुमाल बांधायचा, तोही आठवलं तर. कपाटं चकचकीत झाली आणि याची फुप्फुसं गेली. रविवारी मात्र इमारतीच्या मागच्या अंगणात गाडी काढायचा, संध्याकाळपर्यंत. वहिनी ओरडायच्या, मी वैतागायचो, तो ऐकायचा नाही. आणि या थंडीत गेला. भेटायला येणारी माणसं येऊन गेली, डबे परत गेले, आणि एक दिवस वहिनींचा फोन. "भाऊजी, ह्यांची गाडी एकदा चालू करून द्याल का? घर फार गप्प झालंय हो."

आता याला नाही कसं म्हणायचं? तुम्ही म्हटलं असतं? मी म्हटलं, त्यात काय, रविवारी येतो. गेलो. फळीवरून गाडी काढली, जुन्या नळीला हात लावला तर तिचे तुकडे पडले हो हातात, वाळलेल्या चिकटपट्टीसारखे. वहिनी दारात उभ्या. मी म्हटलं, काही नाही, नळी बदलू. तुकडे केरात टाकले आणि घरी आलो.

बायको म्हणाली, "नळी ना? माशांच्या दुकानात मिळते की, टाकीत हवा सोडायची. पारदर्शक असते." मला पटलं. नळी ती नळी. गेलो, तो मासेवाला एका हाताने जाळी धरून दुसऱ्या हाताने नळी कापून देतो, डायमीटर विचारत नाही, भिंत विचारत नाही, काय देवमाणूस वाटला मला. नळी बसवली. घट्ट बसली. दादाच्या दोस्ताला बोलावलं, त्याला सगळे धूरकाका म्हणतात, कारण माणूस दिसायच्या आधी त्याचा धूर दिसतो. तो पुढच्या रविवारी येतो म्हणाला, तोवर मी हौसेने टाकी भरून ठेवली. आणि रविवारी बघतो तर काय, नळी काडीसारखी कडक. वाकवली तर सटकली, आणि इंधन वहिनींच्या पायपुसण्यावर.

धूरकाकांनी ती काडी उचलली. एका डोळ्याने बघितली. त्यांचं बोलणं कसं, प्रत्येक वाक्याच्या आधी "हे बघ". "हे बघ, ही माशांची नळी आहे. हे बघ, यातून पाणी जातं, हवा जाते. नायट्रो गेलं की ही मेली. हे बघ, तुला सिलिकॉनची नळी लागेल."

सिलिकॉन. हा शब्द मी आधी ऐकला होता. कुठे, ते सांगतो.

दादा दवाखान्यात होता ना, शेवटी शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी. मी शेजारी स्टुलावर. बोलायला दम नाही, डोळे मिटलेले, मला वाटलं झोपलाय. तर याने हळूच हात वर नेला, नाकाजवळची नळी दोन बोटांत धरली, चुरगाळून बघितली, आणि मला म्हणतो, "सिलिकॉन नाहीये ही." अरे, श्वास घे की! नर्स म्हणाली, "काका, नळीला हात लावू नका." हा म्हणतो, "लावत नाही, बघतोय." ते त्याचं माझ्याशी शेवटचं धड बोलणं. लोकांचे भाऊ जाताना हात हातात घेतात, म्हणतात, घराकडे लक्ष ठेव, हिला जप. माझा भाऊ काय सांगून गेला? सिलिकॉन नाहीये. आणि मी तेही ध्यानात न ठेवता मासेवाल्याकडे गेलो.

म्हणून मग त्या चष्मेवाल्या दुकानदाराकडे. आणि तिथे मघाशी सांगितलेलं सगळं. डायमीटर सांगितला, म्हणजे गाडीच उचलून नेली आणि म्हटलं तुम्हीच मोजा. भिंत जाड घेतली, पातळ नळी वळणावर दुमडते म्हणे आणि इंजिन उपाशी मरतं. मग तो म्हणतो, "रंग?" रंग कशाला हो? साडी घेतोय का मी? गुलाबी होती, निळी होती, पोपटी होती. मी म्हटलं, भाऊ गेलाय माझा, गुलाबी कुठे लावू? तो म्हणाला, "मग पारदर्शक घ्या. आतले बुडबुडे दिसतात. बुडबुडे दिसले की समजायचं, कुठूनतरी हवा शिरतेय." आणि लांबी? लांब ठेवली तर इंधन पोचायला उशीर, आखूड ठेवली तर धक्क्याला निसटते, मधली ठेवली तर तापलेल्या इंजिनाला टेकून भाजते. आणि सायलेन्सरकडून टाकीकडे जाणारी दुसरी नळी असते, तीही बदला म्हणाला, इंधन ढकलायला दाब तिथून येतो. वीतभर नळी आणायला गेलेला माणूस दोन नळ्या घेऊन, शिकवणीला जाऊन आल्यासारखा घरी आला. पण तुम्हाला सांगतो, नळी मात्र उत्तम होती. टोकं मी स्वतः ब्लेडने सरळ कापली, कापडाची कड कापावी तशी.

रविवार. अंगण. धूरकाकांनी प्लग तापवला, दोरी ओढली, एकदा, दोनदा, आणि इंजिन लागलं. काय लागलं म्हणून सांगू! एकसारखं, स्वच्छ, तेल दिलेल्या शिवणयंत्रासारखं. गाडीने अंगणाला फेरी मारली, वळली, परत आली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी लावली नाही, उलट उघडली. माझी छाती अशी फुगली. धूरकाका म्हणाले, "हे बघ, इतकी छान ही कधी चाललीच नव्हती."

मी वहिनींकडे बघितलं. त्या पायरीजवळ उभ्या. म्हणाल्या, "बंद करा."

धूरकाकांनी वाकून नळी चिमटीत दाबली. इंजिन गप्प.

"ही ह्यांची गाडी नाही," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, वहिनी, तीच आहे, नळी फक्त नवी.

"ह्यांची खोकायची," वहिनी म्हणाल्या. "मध्येच अडकायची, खोकायची, परत चालायची. आणि हेही खोकायचे. मला स्वयंपाकघरातून कळायचं नाही, कुठला खोकला कुणाचा. दोन्ही थांबले की मी खिडकीत येऊन बघायची."

आता बोला. धूरकाका पुटपुटले, "हे बघ, ती खोकायची कारण नळीला चीर होती. हवा ओढायची. मी वर्षानुवर्षं सांगत होतो त्याला, बदल."

"मग ती चीर पडलेलीच लावा," वहिनी म्हणाल्या.

वहिनी, ती मी केरात टाकली, हे मी कोणत्या तोंडाने सांगितलं मला माहीत नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

माझ्या कॉलरला सुई असते, धंद्याची सवय. मी ती काढली. धूरकाका म्हणाले, "हे बघ, तसं करू नकोस. हवा शिरली तर इंधन कमी पडेल, इंजिन तापेल." मी म्हटलं, काका, दोरी ओढा. आणि हिंडून हिंडून आणलेल्या, जाड भिंतीच्या, पारदर्शक, उत्तम नळीला मी भोक पाडलं. तर ते भोक बुजलं हो! सिलिकॉन ना! चांगल्या मालाला साधं बिघडताही येत नाही. मग सुई आत घालून गोल फिरवली, फाडलीच थोडी. काकांनी दोरी ओढली. नळीतून बुडबुडे पळायला लागले, आणि गाडी खोकली.

अडकली, खोकली, चालली. परत खोकली.

वहिनी पायरीवर बसल्या. गाडीकडे बघतच नव्हत्या, मान खाली घालून नुसत्या ऐकत होत्या. पदराशी हात नाही, डोळ्याला हात नाही. मी रिमोट धरून उभा, मला वाटलं थांबवावं, पण थांबवायचं कसं आणि कुणी? गाडी फिरत राहिली, खोकत राहिली. मग तिचा आवाज चढला, बारीक झाला, किंचाळल्यासारखा, आणि खट्. मध्येच. अंगणाच्या मधोमध.

धूरकाकांनी हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. दोरी ओढली, हलेना. इंजिन तापून आतल्या आत जाम झालं होतं. वहिनी जराशाने उठल्या, म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी गाडी घेऊन दुकानदाराकडे. त्याने चष्मा कपाळावर नेला, चाक फिरवून बघितलं, मान हलवली. इंजिन संपलं म्हणाला. मग नळी उजेडात धरली. "हे भोक कुणी पाडलं?" मी म्हटलं, मी. "का?" म्हटलं, खोकला यावा म्हणून. त्याने नळी खाली ठेवली. बाहेरपर्यंत सोडायला आला, दार धरून उभा राहिला, आजारी माणसासाठी राहतात तसा.

बंद गाडी परत नेऊन दिली. वहिनींनी पुसून फळीवर ठेवली. मी चपला घालायला लागलो, सुटलो एकदाचा असं वाटलं, तेवढ्यात मागून, "भाऊजी, ह्यांची स्कूटरही बंद पडून आहे. बघता का एकदा?"

मी चपला काढल्या, परत आत आलो, खाली बसलो. म्हटलं, बघतो वहिनी, पण ती आवाज कसा करायची, ते आधी सांगा.