दारासमोरचा माणूस

क्रॉयडनच्या डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून तिघं बसली होती. एका बाकावर नोरीन आणि तिची मैत्रीण हिल्डा, समोर लेनर्ड प्रॉथरो. लेनर्डनं उभा जन्म टीव्हीवर राजकारणाच्या बातम्या दिल्या होत्या. पण थेंबांमुळे त्या दोघींना समोर नुसता एक करडा कोट दिसत होता.

"पंतप्रधानांच्या काळ्या दारासमोर उभा राहायचा तो आठवतो का गं? प्रॉथरो?" नोरीननं विचारलं.

"तो होय. पावसातसुद्धा छत्री घ्यायचा नाही."

"काय आवाज होता त्याचा. शत्रूकडे महासंहारक अस्त्रं असल्याचा सरकारकडे पक्का पुरावा आहे म्हणाला, आणि मी टीव्ही बंद करून लढाईवर निघालेल्या माझ्या कॉलिनची बॅग भरायला घेतली."

"तू अडवलं असतंस तर थांबला असता?"

"फौजेतला पोरगा कुठला थांबतोय. पण भांडले तरी असते. भांडलेसुद्धा नाही गं मी."

"पुरावा काही सापडला नाही शेवटी."

"नाही. कॉलिनही परत आला नाही."

"त्या प्रॉथरोनं तरी पाहिला होता का?"

"पाहिलाच असणार. आत जाऊन आला असेल ना. नाहीतर दारात कशाला उभा राहील?"

पुराव्याची बातमी दिली त्या संध्याकाळी लेनर्डला आतून कुणाचा तरी नुसता फोन आला होता. दार त्याच्या पाठीमागे बंदच होतं.

नोरीन कोटाकडे वळली. "काय हो, तुम्हाला आत बोलावलं का?"

लेनर्डनं मान हलवली.

"हो की नाही? आम्हाला दिसत नाही हो."

त्यानं पुन्हा नुसती मान हलवली.

"राहू दे गं," हिल्डा म्हणाली. "बोलता येत नसेल बिचाऱ्याला."