नव्या मालकाला पेढे

तुमच्यापैकी कोणी बाहेरदेशचा मालक बघितलाय का? मी मुद्दाम बघायला गेलो होतो.

माझा पुतण्या विलास चाकणच्या ज्या कारखान्यात आहे, तो थायलंडच्या एका कंपनीने विकत घेतला. पण कागदावर मालक म्हणून सिंगापूरची कंपनी, पत्ता जुरोंग ईस्टचा. विलासचा फोन आला, "काका, तुम्ही तिथं सिंगापुरातच, क्लेमेंटीला मुलाकडे नुसते बसून असता. जाऊन बघा की जरा. इथं माणसं काढणार म्हणतात."

थायलंडचा माणूस चाकणला जाताना मध्ये जुरोंगला कशाला थांबतो, हे मलाही बघायचंच होतं. मालकाकडे हात हलवत कसं जायचं, म्हणून पेढे घेतले.

तिथं एक खोली आणि एकच बाई. नशिबानं नागपूरची निघाली.

"मालक कुठंय?"

तिने कपाटातून निळी फाईल काढली. "काका, कंपनी म्हणजे हीच न. थायलंडचा पैसा हिच्यातून भारतात जातो."

"आणि कपाटातल्या बाकीच्या फायली?"

"त्यापण कंपन्याच."

"अगं, पण मालक?"

"मीच कधी पाहिले नाहीत," असं म्हणत तिने पेढा तोंडात टाकला.

"मालकाचा पेढा तू खाल्लास. आता माझा पुतण्या तू सांभाळायचा!"

बाई हसली, पण बिचारीने पिवळ्या चिठ्ठीवर विलासचं नाव लिहून फायलीवर चिकटवलं.

खाली उतरतोय तोच फोन. "काका, भेटला का मालक?"

"भेटला. कपाटात राहतो. तुझं नाव त्याच्या छातीवर चिकटवून आलोय."